पोरीची आण

ज्ञानूला चावडीच्या खांबाला बांधलं, तेव्हा त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. पापण्या आपोआप मिटत होत्या, तोंडातून लाळ गळत होती.

"म्हैनाबी झाला न्हाई रं दारू सोडून!" लालासाहेब ओरडला. तो पलटणीतून पेन्शनीवर आलेला हवालदार. कराडजवळच्या त्या गावानं त्रेचाळीस साली दारूबंदी केली, ती त्याच्याच पुढाकारानं. पिऊन सापडेल त्याला भर चावडीत वहाणेचे पंचवीस फटके, असा ठराव होता.

"उसात... उसात..." ज्ञानूची जीभ वळेना.

"उसात भट्टी लावलीया व्हय?" कुणीतरी म्हणालं आणि माणसं हसली.

त्याच्या तोंडाचा वास घ्यायची गरज कुणालाच वाटली नाही. दहा वर्षं सारं गाव तो घेतच आलं होतं.

तेवढ्यात त्याची बायको साळूबाई आली. माणसं बाजूला झाली. या बाईनं काय भोगलं नव्हतं? लाथा खाल्ल्या, मनगट मोडून घेतलं. पोरगी तापानं फणफणत होती, तेव्हा ह्याला कराडला डॉक्टर आणायला धाडलं, तर हा वाटेत भट्टीवर पडून राहिला. पोरगी गेली. दारुड्याची कीव करणाऱ्यांनी त्या दिवशी ते घर बघायला हवं होतं.

"साळू... म्या न्हाई..."

"गप ऱ्हावा! मेल्या पोरीची आण घेतली हुती तुमी. आता कुनाची घेनार?" तिचा आवाज फाटला. "आन् म्या खुळी, इस्वास ठिवून बसली!"

लालासाहेबानं पायातली वहाण काढली. साळूबाईनं हात आडवा धरला.

"थांबा दाजी. आदी नशा उतरू द्या. मार कळाय पायजे ह्यास्नी."

चावडीलगतच्या कडुनिंबाचा मूठभर पाला तिनं ओरबाडला आणि नवऱ्याच्या तोंडात कोंबला. "चावा!"

ज्ञानू चावू लागला. हळूहळू, तोंड जराही वाकडं न करता.

"काय गड्या, कडू लागतंय न्हवं?" लालासाहेबानं विचारलं.

ज्ञानूनं जड मान हलवली. "न्हाई... ग्वाड लागतोय पाला."

चावडी हसून लोळली. साळूबाई हसली नाही. कडुनिंब गोड कुणाला लागतो, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. ती मटकन खाली बसली आणि तिनं त्याचं धोतर वर सारलं. डाव्या घोट्यावर रक्ताचे दोन टिपके होते, शेजारी शेजारी.