ठिपकी

शिंपी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी चार दिवस दवाखान्यात होता, तेव्हा त्याच्या परसातल्या पाच कोंबड्या शेजारच्या सुताराने सांभाळल्या. दोघं शाळेपासूनचे दोस्त, आणि दोघांनाही कोंबड्यांचं वेड. तिसऱ्या दिवशी सुतार खुराड्याची कडी लावायला विसरला आणि मुंगसाने नेमकी शिंप्याची लाडकी ठिपकी नेली. सुताराला घास गोड लागेना. शेवटी त्याने स्वतःकडची, तशाच ठिपक्यांची कोंबडी उचलून त्या खुराड्यात सोडली. त्याच्याकडे रोज अंडं देणारी तेवढी एकच होती.

शिंपी घरी आला तो डोळ्यांवर पट्टी बांधूनच. खुर्चीत टेकताच म्हणाला, "आधी माझी ठिपकी दे मांडीवर."

सुताराने दिली. शिंप्याने तिच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला, पंख चाचपले, तुऱ्याला बोट लावलं.

"अंगाने चांगली भरली रे," तो हसून म्हणाला.

सुताराचा जीव भांड्यात पडला.

आठवड्याने पट्टी निघाली. संध्याकाळी सुतार दाणे टाकायला लागला, तसा शिंपी म्हणाला, "आधी त्या कोपऱ्यातलीला टाक. नवीन आहे ना, बाकीच्या तिला खाऊ देत नाहीत."

सुताराचा हात थांबला. "तुला कधी कळलं?"

"मांडीवर घेतली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"कोंबडी तर गेलीच होती. म्हटलं, तुझी झोप कशाला घालवायची."