आबांना झोप लागली

बीडमधल्या सत्यशीलाच्या समुपदेशन केंद्रात मंगळवारी रामहरीआबा यायचे आणि शुक्रवारी अभिमन्यूअण्णा. वडवणीजवळच्या एकाच गावातले हे दोन पुढारी, सरपंचपदासाठी एकमेकांसमोर उभे ठाकलेले. ओळख पटू नये म्हणून दोघंही तोंडाला उपरणं गुंडाळून जिना चढायचे, आणि दोघांचं गाऱ्हाणंही एकच.

"झोपच लागंना, मॅडम. त्यो कदी कुटला डाव टाकील, नेम न्हाई. सोता मातर निवांत घोरत आसंल!"

खरं काय ते फक्त सत्यशीलाला ठाऊक होतं. शेवटी न राहवून तिनं पुण्याच्या आपल्या मार्गदर्शक बाईंना फोन लावला. अवघड पेशंट आला की ती त्यांच्याशीच बोलायची.

"बाई, दोघांना एकमेकांचं नुसतं सांगितलं तरी बरे होतील हो!"

"ते सांगणं तुझ्या हातात नाही. एकाचं दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. एकेकाला सावर."

तिनं जीव लावून काम केलं. दिवाळीच्या सुमारास आबांना गाढ झोप लागू लागली. चेहरा उजळला. वैर विसरून ते पारावर बसलेल्या अण्णांनाही हसून रामराम घालू लागले. सत्यशीलाला धन्य वाटलं.

पुढच्याच शुक्रवारी अण्णा आले ते तांबारलेल्या डोळ्यांनी.

"काय झालं, अण्णा?"

"त्यो हसायलाय, मॅडम. रामराम घालायलाय. आता माजं काय खरं न्हाई!"