जानीच्या पाटीतले चिकू

“जानीबाय, सहाशे बारा जणांनी आपल्या चिकूंचा दाखला दिलाय! पार परदेशातल्यांनीसुद्धा,” हर्षदाताई खाटेवर टेकत म्हणाल्या.

“अगो बाय! एवढ्यांनी खाल्ले?”

“खाल्ले नाहीत गं. आपल्या चिकूंवर मी जो निबंध लिहिला ना, त्याचं नाव त्यांनी आपापल्या लेखांत घातलं.”

घोलवडची ही वाडी तीस वर्षांत फारशी बदलली नव्हती. तेव्हा फळांच्या किडींवर संशोधन करणाऱ्या अठ्ठाविशीच्या हर्षदाताई डहाणूहून एसटीने यायच्या. जानी फळं उतरवून पाटीत द्यायची, ताई ती चिरून अळ्या मोजायच्या. दुपारी दोघी एकाच डब्यातली भाकर आणि बोंबलाची चटणी खायच्या. काय दिवस होते ते! नुसतं आठवलं तरी ताईंचा जीव गलबलायचा.

समुद्रापासून आत, तळासरीकडच्या वाड्यांत त्यांनी स्वतः तोडलेल्या फळांपैकी शंभरात तीस किडकी निघाली होती. समुद्रकाठच्या ह्या वाडीत जेमतेम दोन. खाऱ्या वाऱ्यात कीड टिकत नाही, असा शोधनिबंध त्यांनी लिहिला आणि तो तुफान चालला.

चालला तसे जळणारेही निघाले. सहकारी संदीप तर तोंडावर म्हणायचा, “मॅडम, शीर्षक चटकदार, वर लेखकांत मोठ्या सरांचं नाव. एकाने दाखला दिला की बाकीचे न वाचताच देतात.” हे बोलणं ताईंच्या जिव्हारी कायमचं लागलं होतं. उद्या निवृत्तीच्या समारंभात त्या सगळ्यांना ठणकावून सांगणार होत्या, की हे दाखले मिळाले ते चोख मोजणीमुळे. आणि सांगताना जानीला शेजारी बसवणार होत्या.

“येशील ना उद्या? गाडी पाठवते.”

“येईन की. लुगडं धुतलेलं हाय.”

“एक दिवस चुकली नाहीस गं तू. शंभर म्हटलं की शंभर मोजून द्यायचीस.”

जानी लाजली. “तू एवढ्या उन्हाची यायचीस. तुझ्यासाठी नाय करायचं तर कुणासाठी?”

बोलता बोलता ती उठली आणि ताईंना घरी न्यायला चिकू पिशवीत भरू लागली. एकेक फळ उचलायची, अंगठा फिरवायची, पदराला पुसायची. दोन पिशवीत, तिसरं शेळ्यांपुढे. तोच अंगठा, तीच सवय. बघता बघता ताईंचे डोळे भरून आले.

“तो कशाला गं टाकलास? चांगला तर दिसतोय.”

“वरून दिसतो. आत अळी हाय, बोटाला कळतं,” जानी हसली. “तवापण मी अशीच निवडून द्यायचे. पाहुणीच्या पाटीत किडका कसा घालायचा? तरी शंभरात दोन निघाले म्हणालीस, तवा दोन दिवस मला भाकर गोड लागली नव्हती.”