गच्चीचं कुलूप

वरवंट्याच्या तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. बिल्कीसनं अरवाला गच्चीवर ओढलं आणि तिच्या बाह्या खांद्यापर्यंत सारल्या. अकरा वर्षांच्या पोरीचे दंड पिठासारखे पांढरे पडले होते. येमेनमधल्या सना शहराच्या उन्हात राहून!

डॉक्टरीणबाई सकाळीच म्हणाल्या होत्या, "रक्तात ड जीवनसत्त्व नावाला नाही. दम्याशी त्याचा संबंध असावा म्हणतात, खात्री मी देत नाही. पंप सोडू नका, पण पोरीला ऊन दाखवा."

ऊन दाखवणार कुठून? शेजाऱ्यानं मजला चढवायला घेतला, गच्चीवर नजर पडू लागली, तेव्हा धाकट्या दिरानं, मुक्बिलनं, दाराला कुलूप ठोकलं. त्याला वर्ष झालं. समोरच्या भिंतीवरचे गवंडी मात्र बायका दिसताच पाठ करून बसले होते.

पुरुषानं जिना चढताना "अल्ला! अल्ला!" असं ओरडत यायचं, म्हणजे वर बायकांना तोंड झाकायला सवड मिळते. मुक्बिल आज मुकाट आला.

"लाज विकून खाल्लीस का, वहिनी?" त्यानं तिच्या झिंज्या धरून तिला कठड्यावर आपटलं. ओठ फाटला. "भाऊ परदेशात, आणि तू पोरीला गवंड्यांपुढे मांडतेस?"

भेदरून अरवाचा श्वास अडकला. छातीतून शिट्टी वाजू लागली. तिनं पंप काढला, तो हातून निसटून घरंगळला. मुक्बिलनं त्यावर पाय ठेवला.

"आधी खाली चला. मग देतो."

"पाय काढ, मुक्बिल."

"नाही काढत. काय करशील?"

पोरीचे ओठ निळे पडत होते. बिल्कीसनं वरवंटा उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्या पावलावर घातला. हाड मोडल्याचा आवाज गवंड्यांनाही ऐकू गेला असेल, पण एकानंही मान वळवली नाही. मुक्बिल गुरासारखा ओरडत कोसळला. तिनं त्याच्या चपलेखालून पंप ओढला, पोरीच्या तोंडात धरला, दाबला. पुन्हा दाबला. शिट्टी बारीक होईपर्यंत तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

महिन्याभरानं दोघी गच्चीवर बसल्या होत्या. जिन्याच्या तळातून काठीची टकटक आली, आणि पाठोपाठ मुक्बिलचा आवाज.

"अल्ला! अल्ला!"

अरवा आईची ओढणी आणायला उठली.

"बस गं उन्हात," बिल्कीस म्हणाली. "अजून पाच मजले आहेत त्याला."