पन्नासावी गाडी

"गाडी कोणाची, असं विचारलं तर?" केतनने तिसऱ्यांदा विचारलं.

"माझी," भेंडी चिरत शेवंतीकाकू म्हणाल्या. "अरे, पाठ झालंय मला."

"हसू नको हां."

"मग गाडी घेतली म्हणून रडू?"

खाली सोसायटीच्या आवारात पिवळीजर्द गाडी उभी होती. दिसायला घरगुती, आतून शर्यतीची. नियम असा की, अशा पन्नास गाड्या तपासनिसांना साध्या गिऱ्हाइकांच्या दारात उभ्या दिसल्या, तरच केतनच्या कंपनीला रॅलीच्या शर्यतीत उतरता येणार. कोलशेतच्या शेडमध्ये एकोणपन्नासच झाल्या. पन्नासावीचा गिअरबॉक्स आलाच नाही. रॅली हुकली की शेडला कुलूप, आणि केतन धरून साठ माणसं घरी.

म्हणून ही एकोणपन्नासावी गाडीच आज दोनदा दाखवायची होती. अकराला डोंबिवलीत, शेवंतीकाकूंची म्हणून. एकला कल्याणात, रंभा भोईर नावाच्या बाईंची म्हणून. कल्याणच्या गाडीची म्हणून लावायची नंबरप्लेट आणि बॉनेटखालची चेसिस नंबरची पट्टी केतनच्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली होती. कल्याणचं मात्र त्याने काकूंना सांगितलंच नव्हतं. काकूंच्या पोटात काही राहत नाही.

बेल वाजली. तपासनीस केतनला कोलशेतपासून ओळखत होते. तो आतल्या खोलीत शिरला आणि दाराला कान लावून उभा राहिला.

"गाडी तुम्ही स्वतः चालवता?" बर्वे तपासनीस विचारत होते.

"छे हो! पुतण्या चालवतो. मी बाजूला बसून देवाचं नाव घेते."

"मग घेतली कशाला?"

केतनने कान दाराला आणखी दाबला. हा प्रश्न घोकून घेतलाच नव्हता.



"घर ह्यांच्या नावावर, गॅस सासूबाईंच्या, लाईटबिल अजून सासऱ्यांच्या," काकू म्हणाल्या. "म्हटलं, एक तरी वस्तू आपल्या नावावर असू दे."

कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मग दोघं गाडी बघायला खाली उतरले.

आतल्या खोलीची खिडकी मागच्या गल्लीत उघडत होती, त्यामुळे काही दिसेना. बराच वेळ काहीच नाही. मग इंजिन घुरघुरलं. चालू करून बघत असतील. पट्टीवरचा स्क्रू नवा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं तर? केतनने पिशवी छातीशी धरली.

काकू वर आल्या, एकट्याच.

"झाली सही! म्हणाले, अशी अस्सल मालकीण पाहिली नाही."

केतनने त्यांना मिठीच मारली. सव्वाबारा वाजले होते. होईल, सगळं होईल.

"काकू, किल्ली दे पटकन."

"किल्ली त्यांच्याकडे आहे," घामेजलेलं कपाळ पदराने टिपत काकू म्हणाल्या. "कल्याणला कोणा रंभाबाईंकडे जायचंय म्हणे, आणि रिक्षा काही मिळेना. एवढ्या उन्हात माणसाला ताटकळत कसं ठेवायचं? म्हटलं, माझी गाडी आहे की, घेऊन जा."