सातच्या बातम्या

"वाहिनीनं करार मोडल्यामुळे प्रक्षेपण बंद आहे. आपल्या भावना आम्ही समजू शकतो," सकाळपासून एकसष्टाव्यांदा ती म्हणाली, आणि तोंडात काहीतरी आंबल्यासारखं झालं.

हेडफोनच्या स्पंजाला आधीच्या पाळीतल्या कुणाच्या तरी घामाचा आणि तेलाचा वास येत होता. तो एक वेळ परवडला. स्वतःच्या वाक्याचा वास मात्र जाता जात नव्हता.

करार वाहिनीनं मोडलाच नव्हता. केबल कंपनीनं शहरातली ती छोटी वाहिनी दाखवायचं भाडं एकदम दुप्पट केलं, वाहिनीनं हात वर केले, कंपनीनं बटण दाबलं. वाहिनीवालेही काही धुतल्या तांदळाचे नव्हते. चौकाचौकात फलक लावून ते लोकांना सांगत होते, फोन करकरून कंपनीला जेरीस आणा. रेड्यांच्या टकरी आणि झाडाला काळ! झाड म्हणजे ग्राहक सेवेच्या खोलीतल्या बावीस मुली.

"चिमणे, ही तक्रार कुठं टाकलीस?" मागून साहेबांनी विचारलं. बारीक आवाजामुळे सगळे तिला चिमणीच म्हणत.

"'वाहिनी बंद' मध्ये."

"'इतर'मध्ये टाक. वर बैठकीत दाखवायचंय, ती वाहिनी काळं कुत्रंही बघत नाही म्हणून." साहेबांनी काडीनं दात कोरले आणि काडी तिच्या टेबलाच्या कडेला पुसली.

"मग दिवसभर फोन करतात ती कोण, साहेब? पांढरी कुत्री?"

"जीभ आवर. तुला पगार चिवचिवाटाचा मिळतो, चोच मारायचा नाही."

तिनं कागदानं टेबलाची कड पुसली, मग तो कागद चिमटीत धरून टोपलीत टाकला.

संध्याकाळी बरोबर सातला त्या म्हाताऱ्या ग्राहकाचा, काकांचा, फोन आला. रोज यायचा.

"बाळ, आज तरी?"

"नाही हो काका." त्यांच्यापुढे ती छापील वाक्य म्हणत नसे.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "सातच्या बातम्या देते ना, ती आमची."

"मुलगी तुमची?"

ते म्हणाले, "तेच समज. दोन वर्षं झाली, बोलत नाही माझ्याशी. नंबर बदलला, घर बदललं. सात वाजता समोर येऊन नमस्कार म्हणते, तेवढंच काय ते माझं."

त्या दिवशी चिमणीला पुढचे दोन फोन नीट ऐकूच आले नाहीत. तिचे बाबा रोज दुपारी फोन करायचे. "जेवलीस का गं?" एवढंच. आणि ती, "कामात आहे, बाबा," म्हणून ठेवून द्यायची. गेल्या वर्षी ते गेले. दुपार झाली की अजूनही तिचा हात पर्समधल्या फोनकडे जाई.

"लहानपणी कशी होती हो ती?" एकदा तिनं काकांना विचारलं.

काका गडबडले. "कशी म्हणजे... अशीच. टीव्हीवर दिसते तशीच."

बापाचं मन, तिला वाटलं. लेक कधी मोठी झाली ते कळतच नाही त्यांना.

बाकी सगळं मात्र त्यांना पाठ होतं. वाहिनी दिसली त्या शेवटच्या दिवशी निळा कुडता होता. डावं कानातलं सैल होतं. बातम्या संपल्या की ती हातातले कागद टेबलावर दोनदा आपटते, टक टक, सवयच आहे तिची.

वाहिनी बंद झाल्याच्या चोविसाव्या दिवशी काका रडले. म्हातारं माणूस फोनवर रडतं तेव्हा आपण कुठं बघायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

"लांबून बघेन गं. दारापर्यंतसुद्धा जाणार नाही. तुमच्याकडे सगळ्यांचे पत्ते असतात ना?"

पलीकडच्या टेबलाशी साहेब कुणाला तरी सांगत होते, "अजून महिनाभर ताणायचं म्हणतायत वरचे. लोक काय, विसरतात."

चिमणीनं संगणकात तिचं नाव टाकलं. सातच्या बातम्यांवालीच्या घरी कंपनीचंच कनेक्शन होतं. दोन वर्षांत तिसरा पत्ता. खाली लाल अक्षरात शेरा : ग्राहकाची विनंती, पत्ता कुणालाही सांगू नये.

केवढा हा राग! आणि तोही जन्मदात्यावर. वेडी आहेस गं, चिमणी मनात म्हणाली. गेल्यावर कळेल तुला.

तिनं आवाज आणखी बारीक करून पत्ता सांगितला. दोनदा, सावकाश. काकांनी लिहून घेतला, परत वाचून दाखवला. फोनची नोंद तिनं 'इतर'मध्ये टाकली. या खोलीत बसायला लागल्यापासून पहिल्यांदाच तिला तोंड स्वच्छ धुतल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजून गेले. काकांचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भेटले असणार! तिनं पाळी संपताना शेजारणीला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

चौथ्या दिवशी सव्वासातला तिच्या पडद्यावर ग्राहकाचं नाव उमटलं आणि तिच्या अंगावर काटा आला. तीच!

"ताई, मी ओळखलं तुम्हाला. वाहिनी लवकरच..."

"वाहिनी राहू दे." रोज खणखणीत बातम्या देणारा आवाज तोंडावर हात धरून बोलावं तसा दबलेला होता. "बंद झाल्यापासून मी सुखानं झोपत होते. हा पत्ता तुमच्या कंपनीशिवाय मी कुणालाच दिला नव्हता. तीन दिवस एक माणूस समोरच्या फाटकाशी उभा आहे. कुणाला सांगितलात?"

चिमणी हसली. केवढ्या प्रेमानं हसली.

"ताई, रागावू नका. बाबा आहेत ते तुमचे. नुसतं लांबून बघायचं होतं हो त्यांना."

पलीकडे तिच्या घराचं दार कुणीतरी वाजवलं. टक टक.

"माझे बाबा," ती कुजबुजली, "मी पाळण्यात असतानाच गेले."