दानम्माचं वजन

काटा पुन्हा खाली आला होता. डॉक्टरीणबाईंनी उतरायला सांगितलं तेव्हा दानम्मानं भिंतीचा आधार घेतला. सातवा महिना चालू होता. या दिवसांत बायकांचं वजन वाढतं, हिचं उतरत होतं.

बाईंनी मागचंच सांगितलं. थोडं थोडं खा, पण दिवसभर खा. तूप-तेल नको, डाळ खा, ताक घ्या, इंजेक्शन चुकवू नका. दानम्मानं मान हलवली. जन्मभर तिला सगळे कमी खा म्हणत आले होते, आता जो तो खा खा म्हणत होता. दोन्ही ऐकून ती सारखीच दमली होती.

नवी पेठेतल्या कापड दुकानदारांची ही सून. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. अंग इतकं सुटलेलं, की जिना चढताना मधेच बसावं लागे. या वजनापायीच मूल राहत नाही असं कुणीतरी सांगितलं आणि सासू सुंदरम्मानं ध्यासच घेतला. मुंबईला तेव्हा एक ऑपरेशन नव्यानं होऊ लागलं होतं. आतड्याचा मोठा भाग बाजूला टाकायचा, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही. मुलाच्या मागं लागून सुंदरम्मानंच तिला पाठवलं. बघता बघता दानम्मा निम्मी झाली. नवरा, मल्लिकार्जुन, तिला लग्नकार्यात शेजारी घेऊन बसू लागला. वजन एका जागी ठरेपर्यंत मूल नको, असं मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात कुणालाच तेवढा दम नव्हता.

मुलगी झाली. लहानखुरी, पण रडायला खणखणीत.

बाळंतपणानंतर अंग भरेल असं सगळ्यांना वाटलं. सुंदरम्मा डिंकाचे लाडू, खोबरं, तुपातला शिरा देत राहिली आणि दानम्माचं पोट वाहत राहिलं. केसांचे पुंजके हातात येऊ लागले. एका सकाळी पोरीला पाळण्यातून उचलताना तिचे हात लटपटले. पोर निसटलीच असती. सुंदरम्मानं खालून हात घातला आणि पोरीला छातीशी धरून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. मुंबईला जाऊन आतडं होतं तसं जोडून घ्या. वजन परत येईल, पण बाई हाताला लागेल.

दुपारी जेवताना मल्लिकार्जुननं विषय काढला. आणखी काही महिने टॉनिक देऊन बघू, इतकी घाई कशाला, असं त्याचं म्हणणं. मग ताटाकडं बघतच तो म्हणाला, "आत्ता कुठं तू चारचौघांत न्यायसारखी झालीस."

दानम्मा भिंतीला टेकून बसली होती. तिला राग आला नाही. राग यायलाही अंगात काही लागतं. ऑपरेशन झाल्यापासून बायका तिची कंबर बघून वाहवा करत होत्या. तुला कसं वाटतं, हे त्यांतल्या एकीनंही विचारलं नव्हतं.

"मला चारचौघांत न्हाय जायचं," ती म्हणाली. "मला हिला उचलायचंय."

मल्लिकार्जुननं आईकडं बघितलं. या घरात शेवटी तिचंच चालायचं. आई आपल्याच बाजूनं बोलणार, याची त्याला खात्री होती.

सुंदरम्मानं पाळण्याची दोरी सोडली आणि ती आतल्या खोलीत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक गाठोडं होतं. त्यात दानम्माची झंपरं होती, जुनी, मोठ्या मापाची. ती केव्हाच बोहारणीला गेली असतील असं दानम्मा धरून चालली होती.

सुंदरम्मानं ती एकेक करून झटकली आणि गॅलरीतल्या दोरीवर उन्हात घातली.